शेणखत, सल्फेट आणि आमचे मालक

भाड्याची खोली बघायला गेलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, माणसं किती, गाव कुठलं. आमच्या मालकांनी मला विचारलं, "गावाकडं रानाला काय घालता? शेणखत का गोणीतलं?"

मी म्हणालो, "वडील बघतात शेतीचं. दोन्ही घालत असतील."

"घालत असतील न्हाई. घालतात का?"

"घालतात."

"मग या ऱ्हायला," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, साधा माणूस दिसतोय, बरं झालं. पुढे जी काही वर्षं मी त्यांच्या खोलीत काढली, त्या वर्षांत हे मत मी रोज एकदा तरी मागे घेतलं.

चाकणच्या अलीकडे, एका कंपनीच्या भिंतीला लागून त्यांच्या खोल्यांची रांग होती. खोल्यांमागे त्यांचं गव्हाचं रान. रानाच्या एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला नवी सोसायटी, आणि मध्ये हा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून गव्हाला पाणी देत उभा. मी त्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो, म्हणून सगळ्या वस्तीत माझं नाव 'सेफ्टी साहेब' पडलं. ते नावही मालकांनीच पाडलं.

मालक जाऊनही आता बराच काळ झाला. मी दिघीला स्वतःच्या घरात राहतो. तरी सकाळी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवताना अजून दचकायला होतं. कारण मालक बादल्या तपासत. दातात कडुनिंबाची काडी धरून ते एकेका भाडेकरूची बादली काठीने ढवळत आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देत.

"सेफ्टी साहेब, लोणच्याची फोड टाकली का काल? मीठ पाजायचं का जमिनीला?"

"चुकून गेली, काका."

"आन् सारखा कांदाच दिसतोय. भाजी महाग झाली का?"

हा सगळा ओला कचरा त्यांच्या खड्ड्यात जायचा आणि कुजून रानात पडायचा, म्हणून त्यांना त्यावर हक्क वाटे. माझी बायको लातूरकडची. तिच्या माहेरी कोणी कोणाच्या खरकट्यात डोकावत नाही. ती वैतागून म्हणायची, "आपण काय शिजवलंव, काय उरलंय, सगळं ह्या माणसाला कळायलंय." शेवटी ती लिंबाच्या साली पिशवीत घालून बसस्टॉपपर्यंत न्यायला लागली. भाडं भरून राहणाऱ्या बाईवर ही वेळ!

त्यांचं दुसरं वेड म्हणजे अर्धं-अर्धं. चहात अर्धी साखर, अर्धा गूळ. ताप आला की डॉक्टरांची गोळी, पण ती तुळशीच्या काढ्याबरोबर. दिवाळीत अंगणात अर्ध्या बाजूला पणत्या आणि अर्ध्या बाजूला लुकलुकणारी माळ. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "एका पायावर बगळा उभा ऱ्हातो. माणूस न्हाई." एकदा मी चिडून म्हणालो, "काका, बगळ्याला मासा तरी मिळतो." त्यावर ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तो दिवस फार निवांत गेला.

गव्हाच्या बाबतीत तर त्यांच्या तोंडी लागणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. "शेनखत जमिनीचं घर बांधतं," ते सांगत. "माती भुसभुशीत व्हती, पानी धरून ऱ्हाती. गोणीतलं खत पिकाला घास भरवतं. आता सांगा, तुमाला घर नको का घास नको?"

"दोन्ही पाहिजे, काका."

"मग लोकं का भांडतात?"

लोक भांडत नव्हते. लोकांना कामावर जायचं होतं. पण मालक स्कूटरचं हँडल धरून उभे असत. सोसायटीतल्या दोन बायका एकदा गहू घ्यायला आल्या, पूर्ण सेंद्रिय आहे ना, असं विचारू लागल्या. दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. मालक म्हणाले, "निम्मा हाय." बायका हसत परत गेल्या आणि मालक दिवसभर मला विचारत राहिले, की यात हसण्यासारखं काय होतं.

रविवारी पोळ्यांची परीक्षा. रानाच्या एका कोपऱ्यात ते नुसत्या शेणखतावरचा गहू घेत, एका कोपऱ्यात नुसत्या गोणीवरचा, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात दोन्हींचा. तिन्हींच्या पोळ्या एका ताटात घालून ते आमच्या दारात यायचे. "डोळं मिटा. आता वळखा, दोन्हींची कुठली?" मी दर वेळी चुकायचो. बायकोने एकदा स्पष्टच सांगितलं, "मला तर तिन्ही सारख्याच लागायल्यात." मालकांचा चेहरा असा पडला की तिलाच वाईट वाटलं, आणि पुढच्या रविवारी तिने न ओळखताच मधल्या पोळीवर बोट ठेवलं. ती पोळी नुसत्या गोणीवरची निघाली.

हा हट्ट कुठून आला, ते कळायला मला एक हंगाम लागला. मालकांच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही पक्की होती. त्यांची बायको, जिला आम्ही काकी म्हणायचो, ती शेणखताची. दोन म्हशी, चुलीची राख, पालापाचोळा, याच्यापलीकडे काही रानात पडलं तर तिला ते विष वाटायचं. आणि मालकांचा धाकटा भाऊ, जो त्याच अंगणाच्या पलीकडच्या अंगाला राहायचा, त्याचं खतांचं दुकान होतं. त्याला शेणखत म्हणजे नुसती हमाली वाटायची.

रान सामायिक होतं तेव्हा एका वर्षी धाकट्यांनी गव्हाला युरिया जरा सढळ हाताने दिला. गहू हिरवागार माजला आणि ओंब्या भरताना वाऱ्याने आडवा झाला. त्याच वर्षी काकींनी घाईने अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं होतं, त्याच्यासोबत रानात वाळवी शिरली आणि उभं राहिलेलं मुळाशी खाल्लं गेलं. दोष कोणाचा? काकी म्हणाल्या युरियाचा, धाकटे म्हणाले शेणाचा. पिढ्यान्‌पिढ्या रान कसणाऱ्या त्या घरात त्या वर्षी दुकानातून विकतचा गहू आला. ती पोती अंगणात उतरताना सगळ्या आळीने बघितली. त्या दिवसापासून दीर आणि भावजय एकमेकांशी बोलेनासे झाले. चूल वेगळी झाली. तेव्हापासून धाकटे त्या स्वयंपाकघराची पायरी चढले नव्हते.

काकी लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटे शाळेत जात होते. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून काकींनीच त्यांना भरवून मोठं केलेलं. हे मालकांनी मला सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "तिच्या हातची भाकर खाऊन वाढलेला हाय तो. एकदा आत येऊन जेवला पायजे, साहेब. बाकी मला काय नको."

म्हणून मालक दोघांकडून खत घ्यायचे. एकीचं घेतलं आणि एकाचं नाकारलं तर त्यांच्या लेखी तो पक्षपात झाला असता. निरोपही तेच पोचवायचे. दोघं समोरासमोर उभी असली तरी काकी म्हणणार, "आवं, त्यांना म्हणावं, विष विकून झोप लागती का." मालक दहा पावलं चालून जाऊन सांगणार, "ती इचारती, झोप झाली का." धाकट्यांनी सगळं स्वच्छ ऐकलेलं असायचं. ते गुरगुरायचे, "दादा, वैनीला सांग, शेणातून भाईर या जरा." मालक परत येणार आणि म्हणणार, "तो म्हनतो, दमली आसशील, बस जरा." हे नाटक मी ओट्यावर बसून बघायचो आणि मला वाटायचं, या तिघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

मग ते प्रकरण झालं.

पेरणीचे दिवस होते. मालकांच्या डोक्यात आलं की यंदा दोघांचं खत वेगवेगळं टाकायचंच नाही, आधीच एकत्र करायचं. काकींचा राखमिश्रित शेणाचा ढीग आणि धाकट्यांच्या दुकानातलं अमोनियम सल्फेट, दोन्ही कंपनीच्या भिंतीकडेला फावड्याने कालवलं, वर पाणी शिंपडलं, आणि मुरावं म्हणून रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. आमटी मुरते तसं खत मुरतं, असा त्यांचा समज. राख आणि सल्फेट ओलाव्यात एकत्र आले की त्यातून अमोनिया वायू निघतो, हे त्यांना धाकट्यांनी सहज सांगितलं असतं. पण एकाला विचारायचं तर दुसऱ्याचं नाव काढावं लागलं असतं. म्हणून त्यांनी कोणालाच विचारलं नाही.

सकाळी पहिल्या शिफ्टला त्यांनी ताडपत्री उघडली.

आमच्या कंपनीत गिअरचे दाते कडक करायची भट्टी आहे, आणि तिला अमोनियाच लागतो. त्याच्या टाक्यांची काळजी हीच माझी मुख्य नोकरी. त्यामुळे भट्टीवरून फोन आला, "साहेब, डोळे चुरचुरतायत, वास येतोय," तेव्हा मी हातातला चहा तसाच टाकून उठलो. मी सायरन वाजवला. भट्ट्या बंद. आख्खी शिफ्ट नाकाला रुमाल लावून मैदानात जमा झाली, हजेरी सुरू झाली, आगीचा बंब फाटकाशी येऊन उभा राहिला. मी मुखवटा चढवून टाक्यांकडे धावलो. एकेक जोड तपासला. कुठेही गळती नाही, आणि वास तर वाढतोय.

तेवढ्यात माझी नजर छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे गेली. वारा टाक्यांकडून येत नव्हताच. तो भिंतीपलीकडून आत येत होता.

मी शिडी लावून भिंतीवर चढलो. खाली, ओला पंचा नाकाला बांधून, लालभडक डोळ्यांनी, मालक फावड्याने ढीग वर-खाली करत होते. मला बघून त्यांनी हात वर केला.

"सेफ्टी साहेब! आज येवढी माणसं भाईर कशी? पगारवाढ झाली का?"

मी काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फाटकातून वळसा घालून रानात पोचलो तोवर सायरन ऐकून काकी आणि धाकटेही धावत आले होते. धाकट्यांनी वास घेतला, ढीग बघितला आणि डोक्याला हात लावला.

"दादा, सल्फेटमधी राख घातलीस? कुनी सांगितलं?"

"राख माझ्या ढिगातली हाय," काकी पुढे झाल्या. "म्हशीला कधी बाधली न्हाई ती राख. तुमच्या त्या गोणीनं पेट घेतला."

"वैनी, पेट न्हाई घेतला, वायू सुटलाय. राखंनं सुटलाय."

"मग राखेला नावं ठेवा आता! आदी मला ठेवली, आता राखेला!"

"तुमी ऐकूनच घेत न्हाई कवा!"

"तुमी बोललात कवा, भावजी? इतकी वर्सं तोंड शिवून बसलात आन् आता म्हनताय ऐकत न्हाई!"

"का नसतो बसलो? चारचौघांत मला गहू लोळवनारा म्हनालात!"

"आन् मी वाळवी आणणारी!"

मी मध्ये पडून म्हणालो, "काका, आधी ढीग पांगवा, आख्खी शिफ्ट उन्हात उभी आहे, मॅनेजर माझ्या नावाने बोंबलतोय." मालकांनी माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अमोनियाने लागल्या की कशाने, ते सांगायची गरज नाही.

"गप ऱ्हावा जरा," ते कुजबुजले. "बोलत्यात ती."

ढीग शेवटी मी आणि बंबावरच्या दोघांनी पांगवला. काकी आणि धाकटे तोपर्यंत भांडतच होते. दुपारी मॅनेजरसमोर उभं राहून मला सांगावं लागलं की गळती आपली नव्हती, शेजारच्या रानातल्या खताची होती. "कोणाचं रान?" त्यांनी विचारलं. "माझ्या घरमालकांचं," मी म्हणालो. त्या दिवसापासून कँटीनमध्ये मला 'खतवाले' म्हणायला लागले. आणि संध्याकाळी घरी येतो तर मालक पेढ्यांचा पुडा घेऊन दारात! मी पेढा घेतला नाही. बायकोने घेतला, कारण तिला सगळं ऐकायचं होतं.

पण भांडण थांबलं नाही, हे खरं. रोज बांधावर दोघांची जुंपायची, आणि भांडता भांडता त्या दोघांनी मालकांना कधी न सुचलेली वाट काढली. काकींचं जुनं, नीट कुजलेलं खत आधी रानात मिसळायचं. धाकट्यांची गोणी त्यानंतर पेरणीला, आणि थोडी पहिल्या पाण्याला. शेणखत पडलंय म्हणून गोणी नेहमीपेक्षा कमी. किती कमी, यावर आठवडाभर वाद चालला. दोन्ही हवीत, पण एका ढिगात एका वेळी नाही, एवढंच त्याचं सार होतं. मालकांना ते पटायला जड गेलं. एकत्र म्हणजे कालवलेलं, असंच ते आयुष्यभर समजत आले होते.

पहिल्या पाण्याच्या दिवशी काकी एका बांधावर, धाकटे दुसऱ्या बांधावर, आणि मालक सवयीने मध्ये धावतायत. "ती म्हनती, पानी बास कर."

"ऐकलं मी, दादा."

मालक चिखलात तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने पुन्हा धावले. "तो म्हनतो, अजून एक वाफा ऱ्हायलाय." काकी म्हणाल्या, "मी बहिरी न्हाई." मला तेव्हा फार हसू आलं होतं.

गहू चांगला आला. फार चांगला असं नाही म्हणणार, नाहीतर तिकडे वर मालकांना वाटेल मीही त्यांच्या पंथाला लागलो. पण उभा राहिला, भरला, आणि घरात आला. बांधावरच्या म्हसोबाला नवीन गव्हाचा नैवेद्य दाखवायचा आणि त्याच दिवशी पंगत बसवायची, असं ठरलं. आम्हालाही बोलावणं होतं. मालक सकाळपासून इतक्या वेळा आमच्या दारात आले की बायकोने शेवटी दार आतून लावून घेतलं. "येईल का वो तो? पायरी चढंल का? तिनं काय टाकून बोललं तर?" मी म्हणालो, "काका, भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय मला. येतील ते."

धाकटे आले. पायरीशी क्षणभर थांबले. काकी चुलीपुढून न वळता म्हणाल्या, "पाय धुवून या, भावजी. पाट मांडलाय." ते पाय धुऊन आत गेले आणि पाटावर बसले. इतकंच झालं. मालक मध्ये पडायला तयार उभे होते, त्यांना काही करायची संधीच मिळाली नाही.

पोळ्या वाढल्या गेल्या. काकींनी विचारलं, "आनिक एक?" धाकटे म्हणाले, "अर्धी." "अर्धी काय, पोरासारखी? पूर्ण घ्या." मग दोघं जुन्या गोष्टींवर बोलायला लागले, सासूबाईंचं दुखणं, शाळेचा डबा, त्यात विसरलेला कांदा. काकी हसल्या. मी त्या घरात त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. दोघांचं बोलणं सलग चालू होतं आणि मध्ये कोणाची गरज नव्हती. मी शेजारच्या, मालकांच्या पाटाकडे बघितलं तर तो रिकामा. ताटातल्या पोळीचा एक घास तेवढा मोडलेला.

मी हात धुऊन बाहेर आलो. मालक गोठ्यामागे, कापलेल्या रानाकडे तोंड करून दगडावर बसले होते. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यासाठी या माणसाने आयुष्यभर स्वतःचं आणि आमचं डोकं उठवलं, माझ्या बादलीत काठी घातली, माझी आख्खी शिफ्ट उन्हात उभी केली, ते आत होत होतं, आणि हा बाहेर येऊन बसला होता!

"काका, आता काय झालं? जेवतायत की ते आत! तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"व्हय," ते म्हणाले. "बरं जेवतोय ना?"

"बरं जेवतायत. बोलतायत. हसतायत."

"व्हय, ऐकलं." ते थोडा वेळ बोटांनी माती उकरत राहिले. "आता मधी जायाला जागाच न्हाई ऱ्हायली, साहेब. मी काय करू आता?"

माझा वैताग एकदम ओसरला, आणि तेही मला आवडलं नाही. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

तेवढ्यात घरातून दोन आवाज एकदमच आले. काकी म्हणत होत्या, "आवं, कुठं गेलात?" आणि त्यांच्या आवाजावर आवाज चढवून धाकटे, "दादा, पोळी गार झाली, ये की!"

मी उठलो आणि त्यांना हात दिला. "चला, काका. बोलावतायत."

मालकांनी माझा हात धरला, पण उठले नाहीत. मला खाली ओढून परत बसवलं आणि घराकडे कान लावून म्हणाले, "थांबा जरा. आनिक एकदा हाक मारू द्या."